गुन्ह्याविना शिक्षा

आठ वर्षांची कतारिना क्लाएस राजवाड्याच्या बागेत धडपडते, तिचं डोकं आपटतं आणि तिला मागचा जन्म आठवतो. त्या जन्मी ती जपानमधली सतरा वर्षांची शाळकरी मुलगी होती. रात्रभर गेम खेळून सकाळी शाळा गाठण्याच्या घाईत सायकलवरून जाताना तिला अपघाती मरण आलं. आता ती त्याच गेमच्या जगात वाढते आहे, आणि नायिका म्हणून नव्हे, तर नायिकेला छळणारी गर्विष्ठ सरदारकन्या म्हणून. गेममध्ये या मुलीच्या वाट्याला हद्दपारी तरी येते, नाहीतर मरण तरी. सातोरु यामागुची यांनी ही कथा २०१४ साली ‘शोसेत्सुका नि नारो’ या जपानी संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने लिहायला घेतली. पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपात आली, मग तिची चित्रमालिका निघाली आणि २०२० मध्ये अ‍ॅनिमे. आज जपान आणि कोरियात अशा कथांचं उदंड पीक आहे, चीनमध्येही त्यांची भावंडं आहेत. या कथांचं सामर्थ्य पुनर्जन्मात नाही, स्वतःचा शेवट ठाऊक असलेल्या माणसाच्या वागण्यात आहे. आणि त्यांचं मोठं दुबळेपण हे, की बहुतेकींनी शिक्षा तेवढी ठेवून गुन्हा काढून टाकला आहे.

सामर्थ्याचं आधी पाहू. आपला अंत आधीच कळलेला खलपुरुष आपल्याला नवा नाही. देवकीच्या वरातीत स्वतः रथ हाकणाऱ्या कंसाला आकाशवाणीने नेमकं हेच सांगितलं होतं, आणि ते कळल्यावर त्याने बहिणीला कैदेत टाकलं, तिची मुलं मारली. मरण टाळण्यासाठी त्याने जे जे केलं, त्यानेच त्याचं मरण जवळ आणलं. कतारिनाच्या हातीही तेवढीच माहिती आहे. ती तलवार शिकते, हद्दपार झालोच तर पोट भरता यावं म्हणून शेती करते, गेममधल्या राजपुत्राला सापांची भीती वाटते हे आठवून खेळण्यातले साप बनवून ठेवते. इथवर तिचा विचारही स्वतःपुरताच आहे. पण दत्तक आलेला कीथ गेममध्ये घरच्यांच्या छळामुळे एकाकी होतो हे तिला ठाऊक असतं, म्हणून ती त्याला घेऊन झाडांवर चढते, मासे पकडते, आणि बघता बघता तो तिचा खराच भाऊ होतो. पुढे विद्यालयात काही विद्यार्थिनी मारिया या नायिकेला छळल्याचे लेखी पुरावे कतारिनापुढे धरतात. गेममध्ये तिचा निकाल लावणारा हाच तो प्रसंग. इथे मात्र खुद्द मारिया आणि सगळी मित्रमंडळी तिच्या बाजूने उभी राहतात. इतका कावेबाज छळ हिला जमणारच नाही, ही त्यांची साक्ष. विनोदी अंगाने लिहिलेल्या या प्रसंगात लेखिकेने मोठी गोष्ट साधली आहे: कतारिना वाचते ती गेमच्या ज्ञानामुळे नव्हे, त्या ज्ञानाच्या निमित्ताने जोडलेल्या माणसांमुळे.

आता दुबळेपणाकडे. कतारिनाला आठवण येते आठव्या वर्षी, म्हणजे कोणाचं फारसं वाईट करण्याआधी. दुष्ट कतारिना आपल्याला फक्त तिच्या आठवणीत भेटते; कोणाच्या अंगावर तिचा ओरखडाही उमटलेला नसतो. हे तंत्र पुढे नियमासारखं होऊन बसलं. नायिकेला जाग येते ती लहानपणी, पापाचं खातं कोरं असताना, आणि मग गोड वागण्याने सगळी संकटं टळतात. खरं तर लेखकांवर असं कोणतंच बंधन नव्हतं. मुलींसाठीच्या ज्या प्रेमकथात्मक गेमना जपानीत ओटोमे गेम म्हणतात, त्यांची सुरुवात १९९४ च्या ‘अँजेलिक’पासून मानली जाते. त्यातली रोझालिया तोऱ्यात वागते खरी, पण ती राणीपदाची प्रतिस्पर्धी आहे, खलनायिका नव्हे. मृत्युदंड भोगणारी दुष्ट सरदारकन्या खऱ्या गेममध्ये क्वचितच सापडते. तिचं कूळ मुलींसाठीच्या जुन्या चित्रकथांतल्या, ‘कँडी कँडी’तल्या एलायझासारख्या, छळवादी पात्रांत शोधावं लागतं. म्हणजे कथेतला गेमही लेखकाचाच आणि त्यातलं पापही त्याचंच. ते किती आणि कसं असावं हे ठरवायला तो पूर्ण मोकळा असताना बहुतेकांनी ते शून्यावर आणून ठेवलं. अपवाद आहेत. राणी होऊन अत्याचार करण्याचं भविष्य घेऊन आलेली तेनइची यांची प्राइड रॉयल आयव्ही, आपण तशी झालोच तर आपल्याला मारून टाका असं जवळच्या माणसांना सांगते. न केलेल्या पापाचंही ओझं तिला वाटतं, म्हणून तिची भीती खरी वाटते.

याहून पुढे गेलेल्या दोन कथा मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली ग्वन ग्योउल यांची कोरियन कादंबरी, ‘खलनायिकेचा शेवट मरणच’ अशा अर्थाच्या नावाची. तिच्यातल्या, गेममध्ये खलनायिका म्हणून अडकलेल्या पेनेलोपीला प्रत्येक पुरुषाच्या डोक्यावर त्याच्या मायेचा टक्का दिसतो आणि जगायचं तर तो वाढवत न्यावा लागतो. विकत घेतलेल्या इक्लिस या गुलामाचा टक्का ती हिशेबाने वाढवते, त्याला जपते, भेटी देते. आकडा चढतो, आणि त्याबरोबर तिला गमावण्याच्या भीतीने पछाडलेला माणूस तयार होतो. शेवटी तोच तिच्यावर उलटतो. इथे दोष गेमने लादलेला नाही, तो तिच्या हातून झालेला आहे. दुसरी कथा चिनी, मो श्यांग थोंग श्यू यांची. इथे गेम नाही, एक भिकार कादंबरी आहे आणि गुण देणारी, कापणारी एक यंत्रणा. त्या कादंबरीचा वाचक शन य्वान मरतो आणि तिच्यातल्या शन छिंगच्यू या दुष्ट गुरूच्या देहात जागा होतो. तोवर शिष्य ल्वो बिंगहच्या डोक्यावर गरम चहा ओतून झालेला आहे, मार देऊन त्याला लाकूडफाट्याच्या खोपटात झोपवून झालेलं आहे. पोरगा वळ घेऊन समोर उभा आहे आणि ते वळ ज्या हाताचे, तो हात आता शन य्वानचा आहे. पुढे यंत्रणेच्या हुकमावरून, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी, तो त्याच मुलाला अथांग दरीत ढकलतो. परत येऊन त्याची मोडकी तलवार पुरतो. मूळ गुरूचे अपराध आणि याचा स्वतःचा अपराध एकमेकांत इतके मिसळतात, की ‘तो मी नव्हेच’ म्हणायची सोय उरत नाही.

यावर एक आक्षेप असा, की दमल्याभागल्या वाचकाला चार घटका विरंगुळा देणाऱ्या कथांवर पापपुण्याचा भार कशाला टाकायचा? पण मो श्यांग थोंग श्यू यांची कादंबरी पानोपानी हसवते. अपराध आल्याने तिचा विनोद आटलेला नाही. उलट ओझं काढून टाकल्यावर काय होतं, ते कतारिनाच्याच अ‍ॅनिमेच्या २०२१ मधल्या दुसऱ्या पर्वात दिसलं. गेमची कथा संपली, मरणाची टांगती तलवार दूर झाली आणि प्रसंग नुसते एकामागून एक येत राहिले. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खलनायिका ही मुळात अन्यायाचीच बळी, असं त्याचं म्हणणं. ठरलेलं लग्न भर समारंभात मोडणाऱ्या राजपुत्राला कोणी जाब विचारत नाही, आणि मत्सर केला म्हणून मुलीला देशाबाहेर काढतात. या कथा त्या मुलीची बाजू घेतात हेच पुरेसं नाही का? बाजू घेतात, हे त्यांचं श्रेय मोठंच आहे आणि बायकांनी बायकांसाठी लिहिलेल्या या साहित्याची ती खरी कमाई आहे. पण निरपराध मुलीला शिक्षा होऊ नये, हे मान्य करायला कोणाला फारसे कष्ट पडत नाहीत. जिने खरोखर कोणाला छळलं, मत्सराने कोणाचं वाईट केलं, तिच्या मानेवर तलवार पडावी का, हा प्रश्न अवघड आहे. खलनायिकेची बाजू घ्यायची तर तिथे घ्यायला हवी. आपल्या नायिकेला आधी धुऊन स्वच्छ करून मग तिचा कैवार घेणारा लेखक, जिने खरंच चूक केली त्या मुलीला पुन्हा एकटीच सोडतो.

असं का होतं, याचं एक कारण लेखनाच्या पद्धतीतच आहे. प्रकरणामागून प्रकरण संकेतस्थळावर जातं, यादीतलं स्थान वाचकांच्या पसंतीवर वरखाली होतं, आणि पहिल्या दोन-चार प्रकरणांत नायिका आवडली नाही तर वाचक दुसरीकडे वळतो. अशा वेळी नायिकेच्या हातून आधीच काही वाईट घडलेलं दाखवायला धाडस लागतं. तरी चिनी कादंबरीही अशीच प्रकरणाप्रकरणाने संकेतस्थळावर आली आणि तिने ते धाडस केलं. तेव्हा सबब पुरी पडत नाही.

या प्रकाराशी नव्याने ओळख करून घ्यायची असेल, तर वाचकांनी कतारिनापासूनच सुरुवात करावी. तिच्यासारखं निर्मळ हसू या कथांत दुसरीकडे सहसा मिळत नाही. पण तिच्यापाशी थांबू नये. तिच्यानंतर शन छिंगच्यूची कथा मुद्दाम मिळवून वाचावी.