डुमसची ओल

समुद्र म्हटला की निळा, असं समजणाऱ्यांनी सुरतेजवळच्या डुमसला एकदा यावं. वाळू काळी, पाणी गढूळ, आणि ओहोटीला ते इतकं मागे सरतं की समुद्र गेला तरी कुठे, असं वाटावं! हा किनारा डोळ्यांत घेऊनच मी जहांगीर सबावाला (१९२२–२०११) यांची तैलचित्रं पाहते. जवळजवळ सारख्याच उजळपणाच्या छटांचे कोनदार तुकडे एकमेकांना टेकवून ते धुकं उभं करतात. पॅरिसला आंद्रे लोत यांच्याकडे घेतलेली घनवादी शिस्त इथे कामी येते. नाहीतर आपण वरून पांढरा फासतो आणि धुक्याचा खडू होतो.

पण खरं सांगू? त्यांच्या किनाऱ्यावर पाय रुतत नाही. चिखल नाही, भजीवाला तर नाहीच. तैलरंग सावकाश वाळतो, ओल्यात ओलं मिसळता येतं. ओहोटीची ओल धरायला याहून सोयीचं माध्यम कुठलं? त्यांनी ती ओल बाहेरच ठेवली. मी ती शोधते, डुकराच्या केसांचा ब्रश हाताला नको म्हणून सिंथेटिक ब्रशाने. अजून जमलेली नाही.