गोगलगाय आणि दप्तर

दिवाळी जवळ आली की घरोघर माळे रिकामे होऊ लागतात. पितळी भांडी घासायला निघतात, गाद्या उन्हात पडतात आणि कोपऱ्यात बांधून ठेवलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. हे शेवटचे काम ज्याच्या वाट्याला येते त्याचा निम्मा दिवस फुकट जातो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. गठ्ठा सोडायचा असतो विकण्यासाठी. माणूस तिथेच मांडी घालून बसतो. अग्रलेखाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्याची नजर थांबते ती व्यंगचित्रावर. तेवढ्यात मुलगा मागून डोकावतो आणि विचारतो, "बाबा, हा टोपीवाला कोण? आणि ह्यात हसण्यासारखे काय आहे?" बाबा उत्तर द्यायला तोंड उघडतात आणि अडखळतात. आपण त्या दिवशी हसलो होतो हे त्यांना आठवते; कशाला हसलो होतो ते मात्र आठवत नाही.

व्यंगचित्राच्या नशिबी हे असे आहे. त्यातले हसू टिकते, कारण विरून जाते. म्हणूनच राजकीय व्यंगचित्रे म्हणजे राष्ट्राचा चित्रमय इतिहास, असे जेव्हा कोणी म्हणते तेव्हा मला थोडे थांबून विचारावेसे वाटते की, इतिहास खरा; पण नेमका कशाचा?

आपण मराठी माणसे तशी कागदपत्रांना मानणारी. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुने कागद गोळा केले आणि १८९८ सालापासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने छापली. पुढे गो. स. सरदेसायांच्या देखरेखीखाली पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग निघाले. रुमालात बांधलेला कागद म्हणजे पुरावा, बाकीच्या साऱ्या बाता, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. अशा समाजात व्यंगचित्राला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करायचे म्हणजे थोडे धाडसच. पण ते केले पाहिजे, कारण कागदालाही न दिसलेले कधी कधी त्याला दिसलेले असते. आणि पुष्कळदा त्याला जे दिसले नाही ते कागदातच सापडते. दोन उदाहरणे घेऊ.

पहिले चित्र २८ ऑगस्ट १९४९ चे. काढणारे शंकर, म्हणजे के. शंकर पिल्लै. ते त्यांच्याच 'शंकर्स वीकली'त आले. हे साप्ताहिक १९४८ साली नेहरूंच्या हस्ते सुरू झाले, आणि 'मलाही सोडू नका' असे नेहरूंनी त्यांना बजावल्याची आठवण प्रसिद्धच आहे. शंकरांनी तो शब्द मनापासून पाळला. ह्या चित्रात एक गोगलगाय आहे. तिच्या शंखावर 'राज्यघटना' असे लिहिले आहे. वर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत, हातात चाबूक आहे. मागे नेहरू उभे, त्यांच्याही हातात चाबूक. त्यांच्या पाठीमागे लोकांची गर्दी, हसणारी. अर्थ सरळ आहे: घटना तयार व्हायला किती हा उशीर!

पुढे सत्तावन्न वर्षांनी, २००६ साली, हे चित्र अकरावीच्या एका पाठ्यपुस्तकात आले. घटनेला इतका वेळ का लागला असावा, असा प्रश्न त्याखाली विद्यार्थ्यांना विचारला होता. सहा वर्षे कोणी काही बोलले नाही. मग मे २०१२ मध्ये संसदेत वादळ उठले. बाबासाहेबांवर चाबूक उगारल्याचे चित्र मुलांच्या हाती कसे देता, असा सवाल झाला. चित्र मागे घेण्याचे सरकारने जाहीर केले. पुण्यात विद्यापीठातील सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. पुस्तकाचे मुख्य सल्लागार असलेल्या पळशीकर आणि योगेंद्र यादव ह्या दोघांनीही राजीनामे दिले.

मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु ज्यांना ते चित्र बोचले त्यांची चेष्टा करून मोकळे होणे हाही शहाणपणा नव्हे. 'अहो, विनोद आहे तो, समजून घ्या,' असे म्हणणे सोपे असते. ज्याच्या पूर्वजांच्या पाठीवर खरेच चाबूक ओढला गेला त्याला चित्रातला चाबूकही आधी दिसतो, गोगलगाय मागून दिसते. उलट, चित्र नीट पाहिले तर दोन्ही चाबूक गोगलगायीसाठीच आहेत, हेही खरे. मग निवाडा कसा करायचा? माझ्या मते ह्या भांडणात दोन्ही बाजूंकडून एक गोष्ट राहून गेली. चित्राची साक्ष झाली. दप्तराची झालीच नाही.

आता दप्तर उघडू. घटना समितीच्या कामकाजाचे शब्दशः वृत्तान्त छापलेले आहेत आणि कोणालाही वाचता येतात. चित्र आल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, बाबासाहेबांनी समितीपुढे समारोपाचे भाषण केले. त्यात त्यांनी ह्याच आक्षेपाला उत्तर दिले आहे, आणि तेही हिशेबाच्या वहीसारखे. समिती ९ डिसेंबर १९४६ रोजी प्रथम भरली. अकरा सत्रे झाली, एकशे पासष्ट दिवस काम चालले. त्यांपैकी एकशे चौदा दिवस मसुद्याच्या विचारात गेले. मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली गेली आणि ती एकशे एक्केचाळीस दिवस बसली. मग त्यांनी इतर देशांचा काळ मांडला: अमेरिकेला चार महिने, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष, कॅनडाला दोन वर्षे पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे. अमेरिकेचा आकडा ऐकून आपण खाली मान घालावी, तोच ते सांगतात की, त्या घटनेत कलमे अवघी सात. आपल्या घटनेत तीनशे पंचाण्णव. शिवाय आपल्याकडे सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि २,४७३ दुरुस्त्या प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

आपल्याकडे म्हण आहे, गोगलगाय आणि पोटात पाय. एरवी आपण ती वरून गरीब दिसणाऱ्या लबाड माणसाला लावतो. इथे ती सरळ अर्थाने लागू पडते. शंकरांना गोगलगाय दिसली. तिच्या पोटातले ते साडेसात हजार पाय दिसले नाहीत. ते दप्तरातच दिसायचे.

गंमत अशी की, संथपणाची थट्टा एकट्या शंकरांनी केलेली नाही. घटना समितीतले एक सभासद नझिरुद्दीन अहमद ह्यांनी 'ड्राफ्टिंग कमिटी'ला 'ड्रिफ्टिंग कमिटी', म्हणजे वाहवत जाणारी समिती, असे नाव ठेवले होते. बाबासाहेबांनी समारोपाच्या भाषणात म्हटले की, आपल्या ह्या कोटीवर ते खूश असतीलच, आणि वर सुनावले की, सुकाणूवर हुकमत नसताना वाहणे वेगळे आणि हुकमत असताना वाहणे वेगळे. ज्यांच्या वतीने पुढची पिढी रागावली, ते स्वतः टोमणा असा परतवत होते. पण ह्याचा अर्थ पुढच्यांनी रागावू नये असा नव्हे. मसुदा समितीचा अध्यक्ष सभासदाला बरोबरीच्या नात्याने उत्तर देत होता. वर्गात बसलेल्या एकट्यादुकट्या मुलाला ती बरोबरी लाभलेली असतेच असे नाही.

अजून एक कागद आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी समितीत बोलायला उठले. त्यांनी सांगितले की, नेमलेल्या सात जणांपैकी एकाने राजीनामा दिला, त्याची जागा भरली गेली. एक वारले, त्यांची जागा भरली गेली नाही. एक अमेरिकेत होते. एक संस्थानी कारभारात गुंतलेले. एक-दोघे दिल्लीपासून दूर, आणि प्रकृतीमुळे त्यांना येणे जमले नाही. शेवटी मसुद्याचा सारा भार डॉ. आंबेडकरांवर पडला.

हा कागद वाचा आणि मग पुन्हा त्या चित्राकडे वळा. गोगलगायीच्या पाठीवर माणूस किती आहेत? एकच. समिती सात जणांची होती, पण शंकरांच्या कुंचल्याने स्वार एकटा काढला. त्यांना म्हणायचे होते उशिराबद्दल. त्यांच्या हातून नोंद झाली एकटेपणाची. मागच्या गर्दीला हसायला सवड होती. पाठीवरच्या माणसाला नव्हती. दप्तराशिवाय पाहिले तर ते चित्र टवाळी ठरते; दप्तरासह पाहिले तर तीच रेघ साक्ष ठरते. म्हणून ते पुस्तकातून काढणे मला पराभवाचे वाटते, आणि नुसते छापणे अर्धवटपणाचे. कृष्णम्माचारींचे ते दहा-बारा ओळींचे निवेदन चित्राशेजारी छापले असते, तर प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उत्तरही तिथेच मिळाले असते.

इथे कागदाने चित्र सुधारले. दुसऱ्या उदाहरणात क्रम उलटा आहे: चित्र आधी बोलले, कागद मागाहून.

१० डिसेंबर १९७५. आणीबाणी लागून साडेपाच महिने झालेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला. त्या दिवशी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अबू अब्राहम ह्यांचे एक चित्र आले. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद न्हाणीघरात टबात बसले आहेत. दार किंचित उघडे. बाहेरून हात आत आलेला. राष्ट्रपतींनी सही केलेला कागद आणि लेखणी त्या हातात दिली आहे, आणि आणखी वटहुकूम असतील तर त्यांना जरा थांबायला सांगा, अशा अर्थाचे ते काही म्हणत आहेत. बस्, एवढेच. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. एका ओल्या हाताने देशाच्या सर्वोच्च पदाची अवस्था सांगून टाकली.

अबू त्या वेळी राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सभासद होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रेघेचे धैर्य अधिक कळते. सेन्सॉरने अडवलेली त्यांची काही चित्रे आणीबाणी उठल्यावर १९७७ साली पुस्तकरूपाने वाचकांपुढे आली.

आता कागद पाहा. मे १९७७ मध्ये माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा ह्यांचा आयोग नेमला गेला, आणि १९७८ साली त्याचा अहवाल तीन भागांत सादर झाला. २५ जून १९७५ च्या रात्री काय घडले ते त्यात तपशिलाने आले. पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिले; मंत्रिमंडळाला विचारायला आज रात्री सवड नाही, तेव्हा कामकाजाच्या नियमांतील बाराव्या नियमाचा आधार घेते, असा त्याचा आशय. राष्ट्रपतींनी त्याच रात्री जाहीरनाम्यावर सही केली. मंत्र्यांना ही गोष्ट कळली दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता, बैठकीला बोलावल्यावर.

अबूंचे चित्र होते वटहुकमांवर, त्या रात्रीवर नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये. पण सही आधी आणि विचार मागाहून, ही जी रीत आयोगाने साक्षीपुरावे घेऊन दाखवली, ती अबूंनी एका हातात आणि अर्ध्या दारात आधीच पकडली होती. नियम बारा म्हणजे कागदावर एक ओळ. तिचा अर्थ काय झाला ते त्या अर्ध्या उघड्या दारातून दिसते.

कागदाचे माहात्म्य गाताना आणखी एक गोष्ट विसरू नये. कागदही हरवतो. शहा आयोगाचा अहवाल पुढे इतका दुर्मिळ झाला की, एरा सेझियन ह्या माजी संसदसदस्यांना तो २०१० साली पुन्हा छापून काढावा लागला, आणि पुस्तकाच्या नावातच तो हरवून पुन्हा गवसल्याचा उल्लेख करावा लागला. सरकारी दप्तर एका जागी असते, म्हणून ते एका जागी दडपताही येते. वर्तमानपत्रातले चित्र त्याच सकाळी हजारो घरांत पोचलेले असते. त्यातले एखादे कुणाच्या तरी माळ्यावर उरतेच.

तर मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे. व्यंगचित्र हा घटनेचा पुरावा नाही. त्या घटनेकडे लोक कसे पाहत होते, आणि कोण लोक पाहत होते, ह्याचा तो पुरावा आहे. १९४९ ची ती हसणारी गर्दी इंग्रजी साप्ताहिक विकत घेणाऱ्यांची होती; घटनेकडे डोळे लावून बसलेला वेशीबाहेरचा माणूस त्या गर्दीत नाही. ही उणीव चित्र स्वतः सांगत नाही. कागद काय घडले ते सांगतो, पण कागद लिहिणाऱ्याच्या कपाळावरचा घाम कागदावर उमटत नाही. दोघेही साक्षीदार, न्यायाधीश कोणीच नव्हे. एकाची साक्ष झाली की दुसऱ्याकडून तिची उलटतपासणी व्हावी. ज्या देशात चित्राला भिऊन चित्र पुसतात आणि कागदाला भिऊन कागद दडवतात, तिथे पुढच्या पिढीच्या हाती दोन्ही पुसट लागतात.

म्हणून वाचकांना ह्या दिवाळीत एक छोटीशी विनंती. रद्दी अवश्य विका. घरात जागा किती, हे मलाही कळते. पण गठ्ठा काट्यावर चढण्यापूर्वी चार-दोन व्यंगचित्रे कापून ठेवा. त्यावर तारीख घाला, आणि पाठीमागे दोन ओळी लिहा: त्या आठवड्यात काय घडले होते, आणि आपण कशाला हसलो होतो. मुलगा पुन्हा मागून डोकावेल तेव्हा त्याला सांगायला काहीतरी हाताशी असेल.