कुलूप-किल्लीची उपमा आणि यकृतविषाणूंची प्राणिमर्यादा

मानवी यकृतास ग्रासणारे काही विषाणू इतर प्राण्यांना का बाधत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका उपमेने दिले जाते. विषाणू ही किल्ली, पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही रेणू हे कुलूप. किल्ली लागली नाही की घर सुरक्षित. उपमा सुबोध आहे आणि अंशतः सत्यही आहे. परंतु उपमाच स्पष्टीकरण म्हणून स्वीकारली जाऊ लागली, म्हणजे तिची परीक्षा करणे अवश्य ठरते.

प्रथम तिला अनुकूल असा पुरावा पाहू जाता तो भक्कम दिसतो. २०१२ मध्ये बीजिंग येथील वेनहुई ली व त्यांचे सहकारी यांनी हिपॅटायटिस बी विषाणूचा ग्राही रेणू शोधून काढला. पित्तक्षार रक्तातून यकृतपेशीत वाहून नेणारे एनटीसीपी हे प्रथिन तो होय. मॅकाक माकडाच्या या प्रथिनात मोजक्या अमिनो आम्लांचा भेद असल्यामुळे विषाणूस तेथे थारा मिळत नाही. २०१७ च्या प्रयोगांत या माकडांच्या यकृतपेशींत मानवी एनटीसीपी निर्माण करविताच ती बाधित झाली. येथवर उपमा निर्दोष ठरते.

उंदराच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. त्याच्या यकृतपेशींत हेच मानवी प्रथिन घातले, तरी बी विषाणूचा संसर्ग पूर्णत्वास जात नाही. विषाणूचा प्रवेशच होत नसावा असे म्हणावे, तर हिपॅटायटिस डी विषाणू त्याच पेशींत वाढतो. आणि डीचे बाह्य आवरण बीकडूनच घेतलेले असते. तात्पर्य, दार उघडते, परंतु आत बी विषाणूच्या पुढील व्यवहारास लागणारी सामग्री जुळत नाही. प्रवेश आणि वास्तव्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद उपमेत लोपतो.

उपमेचा दुसरा दोष पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधनाने लक्षात येतो. २००२ मध्ये तेथील संशोधकांनी दाखविले की, पश्चिम भारतातील रुग्णांत आढळणारा हिपॅटायटिस ई विषाणू पहिल्या जनुकीय प्रकाराचा आहे, तर डुकरांतील चौथ्या प्रकाराचा. पहिल्या प्रकाराचा मानवी विषाणू डुकरांना टोचूनही रुजत नाही, हे अमेरिकेतील १९९८ च्या प्रयोगांत दिसले होते. उलट, भारतीय डुकरांतील चौथा प्रकार ऱ्हीसस माकडांना बाधतो, हे पुण्यातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केले. एकाच नावाच्या विषाणूच्या एका प्रकारास डुक्कर यजमान आहे, दुसऱ्यास नाही. म्हणजेच प्राणिमर्यादा केवळ प्राण्याच्या नावाने किंवा केवळ विषाणूच्या नावाने सांगता येत नाही. ती त्या विशिष्ट जोडीची असते.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. सातपुडा आणि तापी यांच्या दरम्यान वसलेल्या चोपड्यासारख्या गावी काविळीची साथ उद्भवली आणि डुकरांच्या रक्तात ई विषाणूविरोधी प्रतिपिंडे सापडली, तर डुकरांना दोषी ठरविण्याचा मोह सहज होईल. परंतु या विषाणूच्या निरनिराळ्या प्रकारांची प्रतिपिंडे सामान्य चाचणीत परस्परांपासून ओळखू येत नाहीत. त्यासाठी विषाणूचा जनुकीय क्रमच वाचावा लागतो. रुग्णांत पहिला प्रकार निघाला, तर शोध घ्यावयाचा तो मैला मिसळलेल्या पाण्याचा. दिल्लीतील १९५५-५६ ची आणि कोल्हापुरातील १९८१ ची साथ पाण्यावाटेच पसरली होती. अशा वेळी डुकरे हाकलण्यात दवडलेला प्रत्येक दिवस फुटक्या जलवाहिनीच्या पथ्यावर पडतो. आणि त्याची किंमत मुख्यतः गरोदर स्त्रिया मोजतात, कारण त्यांच्यात हा रोग विशेष प्राणघातक ठरतो.

याचा अर्थ डुकरे सर्वस्वी निर्दोष असा मात्र नव्हे. चीन व जपान या देशांत चौथ्या प्रकाराने माणसांनाही ग्रासले आहे. म्हणून उपमा प्रवेशापुरती ठेवावी, आणि निर्णय मात्र प्रकार ओळखूनच द्यावा, हे युक्त होय.