स्लीप डीलर: काम सीमेपार, माणूस अलीकडे

गेल्या वर्षी आमच्या टीममधल्या अकरा जणांचं काम ग्वादालाहाराला गेलं. क्लायंट अमेरिकेतला, आम्ही हिंजवडीत, ग्वादालाहारा मेक्सिकोत. कारण कॉलवर एका वाक्यात आटोपलं: तिकडची माणसं क्लायंटच्या दिवसातच जागी असतात. त्यानंतरच्या एका रिकाम्या शनिवारी ‘स्लीप डीलर’ पाहिला. अ‍ॅलेक्स रिव्हेराचा, बराचसा स्पॅनिशमधला, २००८ सालचा सायन्स फिक्शन सिनेमा.

मेमो हा वाहाकातल्या एका खेड्यातला मुलगा. गावची नदी एका कंपनीने धरण बांधून अडवलेली, त्यामुळे स्वतःचंच पाणी बंदुकीच्या पहाऱ्यात विकत घ्यायचं. मेमोला घरच्या घरी अँटेना जुळवून दूरचे सिग्नल ऐकायचा नाद (इथे माझ्यासारखे लगेच विरघळतात). त्या नादापायी ड्रोन घरावर येतो आणि बाप मरतो. मेमो तिहुआनाला जातो, अंगात तारा जोडून घेतो आणि अमेरिकेतल्या इमारतीवरचा रोबो इथून चालवतो. अमेरिकेला त्याचे हात मिळतात, तो मात्र भिंतीच्या अलीकडेच.

सायन्स फिक्शन म्हणायचं, पण १ जानेवारी १९९४ला अमलात आलेल्या नाफ्टा कराराचं हे बऱ्यापैकी सरळ वर्णन आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यात माल आणि भांडवल मोकळं झालं, मजूर नाही. त्याच दिवशी चियापासमध्ये झापातिस्तांनी उठाव केला. सीमेवरचे माकिलादोरा, म्हणजे परदेशी सुटे भाग जोडून परत पाठवणारे कारखाने, १९६५पासूनच होते. करारानंतर ते आणखी वाढले. त्यातून नोकऱ्या आल्या, हे नाकारायचं कारण नाही. मेक्सिकोचा वाहन उद्योग आज जिथे आहे, तिथे तो या कराराशिवाय पोचला नसता. सिनेमा ही बाजू दाखवतच नाही. कारखान्यातली पहिली पगाराची नोकरी कुणाला तरी हवीहवीशी वाटली असेल, याला त्यात जागा नाही.

माझी मोठी तक्रार मात्र बंदुकीबद्दल आहे. मेमोच्या गावाला कंपनी बंदुकीने लुटते. खऱ्या वाहाकात बंदुकीची गरज पडली नाही, वेळापत्रक पुरलं. मक्यावरचं संरक्षण पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने काढायचं, असं करारात लिहिलं होतं. प्रत्यक्षात कोट्यापेक्षा जास्त आलेल्या मक्यावरचं शुल्कही मेक्सिकोने बऱ्याचदा घेतलं नाही. अमेरिकेतला अनुदानावर पिकलेला मका आत आला, भाव पडले. आणि टॉर्टिया स्वस्त झाली म्हणाल, तर तसंही नाही. २००७च्या जानेवारीत तिच्या वाढलेल्या भावाविरुद्ध लोक मेक्सिको सिटीच्या रस्त्यावर आले. शेवटचे निर्बंध १ जानेवारी २००८ला उठले. त्याच महिन्यात हा सिनेमा सनडान्स महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. एवढा योग जुळूनही गोष्टीच्या मध्यभागी मका नाही, पाणी आहे.

ड्रोन पडद्यावर दिसतो, आयात शुल्क दिसत नाही, ही दिग्दर्शकाची अडचण मला कळते. पण माझे काका लातूरला सोयाबीन पिकवतात. खाद्यतेलावरचं शुल्क कमी झालं की मोंढ्यात काय होतं, हे त्यांच्या हातातल्या आडतीच्या पट्टीवर दिसतं. त्यांच्यावर कुणी ड्रोन सोडलेला नाही. राग कुणावर काढायचा हे न कळणं, हाच त्यातला खरा जाच आहे. खलनायक देऊन रिव्हेराने प्रेक्षकाची त्यातून सुटका केली.

मेमो आणि लूसचं प्रेमप्रकरण मी पुढे ढकलत पाहिलं. लूस आठवणी ऑनलाइन विकते, ही कल्पना मात्र आजच्या इंटरनेटला अगदी लागू पडते.

शेवटी मेमो भिंतीजवळ छोटीशी शेती करतो. दृश्य गोड आहे. पण सिनेमाचं जग दोनच देशांचं आहे, आणि तिथे मला माझी खुर्ची सापडेना. शेजाऱ्यांच्या करारात एक तिसराही असतो. जेकब वायनरने १९५०मध्येच दाखवलं होतं की असे करार नवा व्यापार निर्माण करतात, तसाच बाहेरच्याचा व्यापार आत वळवतातही. आमचं काम फक्त करारामुळे गेलं असं मी म्हणणार नाही. घड्याळ कुठल्या करारात लिहिलेलं नसतं. पण नाफ्टाने टीएन व्हिसा आणला, आणि त्याच्या जागी २०२०मध्ये आलेल्या करारानेही तो ठेवला. ग्वादालाहाराचा इंजिनिअर त्यावर लॉटरीशिवाय क्लायंटच्या ऑफिसात जाऊ शकतो. मी एच-वन-बीच्या सोडतीत दोनदा नाव घालून बसलोय. मेमोसारख्या बांधकाम मजुराला मात्र त्या यादीत जागाच नाही.

काम सोपवताना माझ्या जागी आलेल्या मुलाशी तीन आठवडे रोज बोलायचो. शेवटच्या कॉलला त्याने विचारलं, तुमच्याकडे किती वाजलेत? साडेअकरा, रात्रीचे, म्हटलं. तो ओशाळला. त्याच्याकडे दुपारचे बारा वाजले होते.