मांडी घालता येईल अशी खुर्ची

रावेतच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा डायनिंग सेट घेतला. शोरूममधल्या पाटीवर ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न, चंदीगड चेअर’ असं लिहिलेलं. उलट्या व्हीसारखे पाय, वेताची जाळी, हात टेकायला पट्ट्या. इन्स्टावर पाहून आधीच प्रेमात पडलो होतो. पहिल्याच रात्री आई ताट घेऊन फरशीवर बसली. “तुम्ही बसा रे वर. मला मांडी घातल्याशिवाय जेवण जात नाही.” बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना खाली बसता येत नाही. इतकी वर्षं शेजारी बसून जेवलेली ही दोघं आता वेगवेगळ्या उंचीवर जेवायला लागली.

खुर्ची वाईट आहे का? मूळची तर अजिबात नाही. ल कॉर्ब्युझिएचा नातलग आणि सहकारी पिएर जानरे १९५१ ते १९६५ चंदीगडमध्ये राहिला. नव्या राजधानीतल्या कचेऱ्या, विद्यापीठ, सरकारी घरं, सगळ्यांना फर्निचर हवं होतं. त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सागवान आणि वेत निवडला, कारण दोन्ही इथल्या सुतारांच्या हातातले. पायांची रचना बघा. दोन तिरके पाय वर एकत्र येतात आणि बैठकीची आडवी पट्टी त्यांना मध्ये बांधते. चौकोन ढकलला की कलतो, त्रिकोण कलत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकतो तेच, पण इथे त्यावर माणूस बसतो. वेगवेगळ्या कारखान्यांत हातानं घडल्यामुळे दोन खुर्च्या तंतोतंत सारख्या नसतात, तरी सगळ्या ठाम उभ्या राहतात.

पुढे कचेऱ्यांनी त्या भंगारात काढल्या, परदेशी लिलावांत त्यांना लाखो रुपये मिळू लागले, आणि २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्या जपण्याचा आदेश काढावा लागला. जुन्या खुर्च्यांवर कार्यालयाचे नंबर रंगवलेले असतात. आमच्या नव्याकोऱ्या खुर्चीच्या पाठीवरही एक नंबर आहे! कुठल्या खात्याचा, देव जाणे.

माझा आक्षेप या नंबरापासून सुरू होतो. हात टेकायच्या पट्ट्यांची ही खुर्ची मुळात कचेरीची. कारकुनानं फायलीवर वाकावं, कोपर टेकावं, म्हणून त्या पट्ट्या. शोरूमवाल्यांनी तीच उचलून जेवणाच्या टेबलाला लावली. मांडी घातली की गुडघे पट्ट्यांना अडतात, आणि त्यातून सुटले तर टेबलाच्या फळीखालच्या उभ्या पट्टीला. डेन्मार्कच्या हान्स वेगनरनं १९४९ मध्ये केलेल्या ‘विशबोन’ खुर्चीत हात आखूड आहेत, बैठकीचा पुढचा भाग मोकळा राहतो. त्याच्या डोळ्यांसमोर काही माझी आई नव्हती. पण ही खुर्ची टेबलाजवळ ओढली जाणार, एवढं त्यानं धरलं होतं. आमच्या नकलेत दिसणं तेवढं आलं, बसणं राहून गेलं.

शेवटी कुदळवाडीतल्या ओळखीच्या एका मिस्त्रींना गाठलं. फेब्रुवारी २०२५ च्या अतिक्रमण कारवाईनंतर ते चाकण रस्त्याकडे सरकलेत. चाकणच्या कारखान्यांत परदेशी मशिनं ज्या पाइनच्या खोक्यांतून येतात, ती खोकी त्यांचा कच्चा माल. फळ्यांवर ‘एचटी’चा शिक्का असतो: कीड मरावी म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याची खूण. मिस्त्रींनी आमची खुर्ची उलटी केली, सांध्यावरची लाकडी टिकली नखानं उचकटली. खाली स्क्रू. “कुसू कुठंय?” एवढंच म्हणाले.

त्यांनी बाकडं केलं. हात नाहीत, बैठक साठ सेंटिमीटर रुंद, उंची नेहमीच्या खुर्चीहून थोडी कमी, प्रत्येक पायाला कुसू आणि त्याच्या मापाचं भोक. टेबलाखालची पट्टीही कापून आत सरकवली. दिसायला बाकडं ओबडधोबड आहे, खिळ्यांची भोकं तशीच आहेत. पाइन मऊ, पहिल्याच आठवड्यात पळी पडून खोक पडली. सागवानाची सर त्याला नाही.

आई त्यावर मांडी घालून बसते, बाबा शेजारी पाय सोडून. तिची आता नवी तक्रार आहे: पाठ टेकायला काही नाही.