तेर येथील लामतुरे संग्रह : एक परीक्षण

तगर म्हणजे तेर, हें आतां नव्यानें सिद्ध करण्याचें कारण उरलेलें नाहीं. देवगिरि, जुन्नर, धारूर अशीं अनेक स्थळें सुचवून झालीं. अखेर १९०१ मध्यें फ्लीट यांनीं तेरच्या बाजूनें निर्णय दिला, व १९०२-०३ च्या पुरातत्त्व खात्याच्या अहवालांत कझेन्स यांनीं तेथील देवळांचें वर्णन प्रसिद्ध केलें. शिलाहार राजे 'तगरपुरवराधीश्वर' हें बिरुद जिच्यावरून मिरवीत, ती नगरी आज धाराशिव जिल्ह्यांत तेरणेच्या काठीं एक लहानसें बाजाराचें गांव होऊन राहिली आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं वर्षानुवर्षें जमविलेला संग्रह पुढें सरकारकडे आला व संग्रहालयासहि त्यांचेंच नांव मिळालें. हा मान त्यांचा रास्तच होता. पांढरीची माती खत म्हणून शेतांत ओढून नेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे; त्या मातीबरोबर काय काय गेलें असेल याचा हिशेब कोण देणार? जें वांचलें त्यांतील पुष्कळसें या एका गृहस्थाच्या नजरेमुळें वांचलें.

संग्रहाचें खरें वैभव मातींत आहे. दुहेरी सांच्यांतून काढलेल्या, आंतून पोकळ अशा भाजलेल्या व पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्तींत केशभूषा, कर्णभूषणें, कमरपट्टे इतके स्पष्ट उठले आहेत कीं, सातवाहनकालीन वेषभूषेचा अभ्यास करणाऱ्यास त्या लेण्यांतील शिल्पांइतक्याच उपयोगी पडाव्या. गोरोबाकाकांच्या गांवीं मातीचा महिमा असावा हें साहजिक. पण हे कुंभार त्यांच्याहि पूर्वींचे हजार-बाराशें वर्षांचे.

आमचा आक्षेप वस्तूंवर नाहीं, त्यांजवरून काढल्या जाणाऱ्या अनुमानांवर आहे. येथील सर्वांत प्रसिद्ध वस्तु म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ति. १९३८ मध्यें इटलींतील पाँपेई येथें एक भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली. तें नगर इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियसच्या राखेखालीं गाडलें गेलें, तेव्हां मूर्ति त्यापूर्वींची हें उघड आहे. पुढें १९७३ च्या उत्खननांत भोकरदन येथेंहि त्याच घडणीची एक भग्न मूर्ति मिळाली. तेरची मूर्ति या दोघींची बहीण म्हणून दाखविली जाते, आणि घडण पाहतां तें नातें आम्हांसहि मान्य आहे. परंतु पाँपेईच्या मूर्तीस राखेची साक्ष आहे, भोकरदनच्या मूर्तीस थराची. तेरच्या मूर्तीस स्वतःच्या रूपाखेरीज साक्षीदार नाहीं. तिचा काळ आपण बहिणींकडून उसना घेतों, आणि लागलीच तिलाच तेर-रोम व्यापाराचा स्वतंत्र पुरावा म्हणून उभी करतों. एकाच कर्जाची ही दोनदां वसुली झाली.

याउलट उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लांकडी द्वारचौकट पाहावी. तीहि आपल्या जागेवरून हलविलेली आहे. पण ती कोणत्या देवळाची हें ठाऊक असल्यामुळें तिच्यावरील नक्षी आणि देवळाचें विटांचें बांधकाम यांचा मेळ कोणासहि घालून पाहतां येतो. आमच्या मतें इतिहासाच्या दृष्टीनें ही चौकट त्या मूर्तीहून अधिक बोलकी आहे, मग प्रेक्षकांची गर्दी कोठेंहि होवो.

आणखी एक गोष्ट. 'पेरिप्लस'चा ग्रीक लेखक तगर हें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगतो (वस्तुतः तें आग्नेयेस आहे), आणि तेथून गाड्यांवर लादून भडोचला जें जाई त्यांत साधें कापड व नाना प्रकारची मलमल मुख्य होती असें म्हणतो. म्हणजे ज्या मालावर हें नगर जगलें त्याचा धागाहि कपाटांत असणें शक्य नाहीं. मणि, शंखाच्या बांगड्या व दिवे टिकले म्हणून तेच व्यापाराचें सर्वस्व, असा समज प्रेक्षकाचा सहज होतो; तो दूर करण्यास भिंतीवर चार ओळी पुरत.

१९५८ मध्यें चापेकर यांनीं तेर येथें उत्खनन केलें व त्याचा वृत्तांत १९६९ मध्यें छापून निघाला. त्यांतील थरांशीं ज्या वस्तूंचा मेळ बसतो त्या एका बाजूस, आणि केवळ वेचलेल्या दुसऱ्या बाजूस, अशी मांडणी व्हावी ही आमची सूचना आहे. तसें करतांना दुसरी बाजू फार मोठी दिसेल, आणि त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. संग्राहक मित्रांसहि एवढेंच सांगणें कीं, वस्तु हातीं येतांच ती कोणाच्या शेतांत, किती खोल व कशासोबत मिळाली हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. आमच्याजवळ तेरचे म्हणून आलेले सात अकीकाचे मणि आहेत. चिठ्ठीवर गांवाचें नांव आहे, शेताचें नाहीं. आणि देणारे गृहस्थ आतां हयात नाहींत.