'कोर्ट'मधला शाहीर आणि आपली वस्ती

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा चित्रपट २०१४ साली आला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परदेशात त्याची वाहवा झाली आणि आपल्याकडच्या समीक्षकांनी त्याच्या संयत शैलीचे पुष्कळ गोडवे गायिले. या सगळ्या कौतुकात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. शाहीर नारायण कांबळे कोठडीत असतो तेव्हा त्याची वस्ती कुठे असते? हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. आमच्या समाजमंदिरात भिंतीवर पडदा बांधून आम्ही हा चित्रपट दाखवला, तेव्हा बी.ए.ला असलेल्या एका मुलीने तो विचारला. त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. हे टिपण म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

चित्रपटाचे मोठेपण आधी मान्य केले पाहिजे. पासष्टीच्या शाहिराला पोलीस भर कार्यक्रमातून उचलतात. आरोप असा की, त्याचे गाणे ऐकून वासुदेव पवार या गटारसफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला. हा आरोप हास्यास्पद आहे, पण कोर्टात कोणीही हसत नाही. तिथे कोणी दुष्टही नाही. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, मुलांचे बघतात आणि सहकाऱ्यांशी बोलताना या म्हाताऱ्याला वीस वर्षे देऊन मोकळे व्हावे असे सहज म्हणून जातात. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश एका बाईचे प्रकरण पुढे ढकलतात. पोलिसांचा साक्षीदार नेहमीचाच, ठेवणीतला. अन्याय करायला राक्षस लागत नाही, तारीख पुरते, हे या चित्रपटाने जितके नेमके दाखवले तितके आपल्या कथा-कादंबऱ्यांनीही क्वचितच दाखवले असेल.

या चित्रपटाचा गाभा मला वासुदेवच्या विधवेच्या साक्षीत दिसतो. नवऱ्याला कसलेही संरक्षक साधन मिळत नव्हते, वायूने त्याचा एक डोळा गेला होता, दारू प्यायल्याशिवाय त्या घाणीत उतरवत नव्हते. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे तो समजे. ती हे सारे रडत नाही, ओरडत नाही, फक्त सांगते. तिच्या साक्षीने शाहीर सुटायची वाट मोकळी होते. पण वासुदेवच्या मरणाला जबाबदार कोण, हा प्रश्न कोर्टात कोणी विचारत नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, त्याहून कडक असा दुसरा २०१३ साली झाला. १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये बजावले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाखांवर नेली. म्हणजे कायदा आहे, निकालही आहे. तरीही मरणाऱ्याबद्दल गाणारा पिंजऱ्यात उभा राहतो आणि मरायला पाठवणारा साक्षीलाही येत नाही. हे दाखवल्याबद्दल आपण या चित्रपटाचे ऋणी आहोत.

माझी तक्रार इथून पुढे सुरू होते. या चित्रपटात वस्ती आहे, पण ती गाणे ऐकण्यापुरती. शाहीर गातो तेव्हा ती समोर बसते आणि शाहिराला नेले की पडद्यावरून निघून जाते. लढण्याचे काम एकट्या विनय व्होरा या वकिलाकडे येते. तो सज्जन आहे, सुखवस्तू आहे, मराठी त्याला नीट येत नाही. जामिनाचे एक लाख रुपये अखेर तोच भरतो. दिग्दर्शकाने हे खोटे दाखवले असे मी म्हणत नाही. कदाचित ते फारच खरे आहे, आणि म्हणूनच ते आपल्याला लागले पाहिजे. दिग्दर्शकाला जाब विचारण्याआधी आपण स्वतःला जाब विचारला पाहिजे.

आपला वारसा याहून निराळा आहे. सी. के. बोले यांचा नव्हे, सीताराम केशव बोले यांचा म्हणून जो ठराव आपण ओळखतो, तो मुंबई कायदे कौन्सिलात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला. त्याने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, ते कागदावर. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसा ठरावही केला. पण पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या मागून माणसे चवदार तळ्यावर चालत गेली तेव्हा. सनातन्यांनी दावा लावला, मनाई हुकूम आणला, आणि बाबासाहेबांनी डिसेंबरचा सत्याग्रह थांबवून लढाई कोर्टात नेली. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. दहा वर्षे! त्या दहा वर्षांत कायदेमंडळ, तळे आणि कोर्ट यांतला एकही धागा त्यांनी सोडला नाही. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून जवळकर, जेधे आदींवर खटला झाला, तेव्हा १९२६ साली त्यांच्या बचावाला उभे राहणारे वकील बाबासाहेबच होते. लिहिणाऱ्याच्या बाजूने कोर्टात उभे राहणे आपल्याला कोणी बाहेरून शिकवलेले नाही.

आणि आज? माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्यावर जयंतीच्या मिरवणुकीत म्हटलेल्या गाण्यावरून गुन्हा नोंदवला गेला. कोर्टाने जामीन दिला, पण जामीनदार ऐपतीचा हवा होता. सातबारा कुणाचा आणायचा? वस्तीत एकाच्याही नावावर गुंठाभर जमीन नव्हती. आठ दिवस मुलगा आत राहिला. मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागणारा आणि परजिल्ह्यातल्या मालमत्तेचा जामीन नाकारणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच मोडीत काढला होता. गरिबाला त्याच्या स्वतःच्या हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडा, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितले होते. हा निकाल आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता. मुलगा सुटला त्या दिवशी आम्ही हार घातला, घोषणा दिल्या. पहिल्या तारखेला वीस जण गेलो, दुसरीला सहा. तिसऱ्या तारखेला तो एकटाच होता. मीही गेलो नाही. परीक्षेचे पेपर तपासायचे होते.

चित्रपटात सरकारी वकीलबाई १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचा आधार घेतात. तो कायदा २०१८ साली रद्द झाला. पण शाहिराला दुसऱ्यांदा ज्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली पकडतात, तो जिवंत आहे. २००८ च्या दुरुस्तीने त्यातला जामीन जवळपास दुरापास्त केला, २०१९ च्या दुरुस्तीने संघटनेबरोबर एकट्या माणसालाही दहशतवादी ठरवायची मुभा दिली. महाराष्ट्राचे विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केले. त्याआधी संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या. आमच्या वस्तीतून एकही गेली नव्हती. आम्ही निषेध सभा घेतली, टपाल मात्र केले नाही.

शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले, 'विद्रोही'चे संपादक. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. त्यांचा शाहीर पडद्यावर पुन्हा तुरुंगात जातो, कोर्टाला उन्हाळ्याची सुटी लागते आणि न्यायाधीश सहलीला निघतात. दिव्यांची बटणे एकेक करून बंद होतात, दालन अंधारते. समीक्षकांना या अंधारात कलात्मक शेवट दिसला. मला आमच्या तिसऱ्या तारखेचे रिकामे बाक दिसले.

त्या मुलीला माझे उत्तर एवढेच आहे. बाई, शाहिराची वस्ती घरी होती, आपल्यासारखीच. पुढच्या महिन्यापासून समाजमंदिराच्या फळ्यावर जयंतीच्या वर्गणीशेजारी तारखाही लिहायच्या: कुणाची, कुठल्या कोर्टात, सोबत कोण जाणार. पहिल्या ओळीत माझे नाव लिही.